नववीला इतिहास शिकवायला तीन पदव्या

चौदा वर्षं मी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. मग एका मंगळवारी कंपनीने मला अतिशय प्रेमाने कळवलं, की माझ्या कामाची आता गरज उरलेली नाही. मला शाळेत असल्यापासून इतिहास शिकवायचा होता. मधली वर्षं आईवडिलांच्या हौसेने इंजिनिअर असण्यात गेली. आता सदतिसाव्या वर्षी तरी मनासारखं करू, म्हणून मी कोरमंगलातल्या एका शाळेत गेले.

मुख्याध्यापिकांनी अगत्याने बसवून घेतलं, माझं पदवीचं प्रमाणपत्र चष्मा लावून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. इंजिनिअरना बी.एड.ला प्रवेश मिळतो, तेवढं करून या, गणित लगेच देते, असं त्या म्हणाल्या.

"गणित नको," मी म्हटलं, "नववी-दहावीचा इतिहास."

"पदवीला इतिहास होता तुम्हाला?"

नव्हता. मग त्यांनी शांतपणे नियम समजावला. माध्यमिक शाळेत जो विषय शिकवायचा, तो पदवीला शिकलेला असावा लागतो आणि वर बी.एड. असावं लागतं. आता इंजिनिअरिंगचं तिसऱ्या सेमिस्टरचं गणित मला तिसऱ्या खेपेला सुटलं होतं, तेही काठावर. तरी लोकांच्या पोरांचं गणित माझ्या हाती द्यायला कुणाची हरकत नव्हती. इतिहासाची कपाटभर पुस्तकं मात्र मी निव्वळ आवडीने वाचली होती, त्यामुळे ती कशातच धरली जाणार नव्हती.

मी आडवाट शोधली. दूरशिक्षणाच्या कार्यालयात जाऊन विचारलं, थेट इतिहासात एम.ए. केलं तर? तिथला कारकून म्हणाला, जरूर करा, एम.ए.ला कुठलीही पदवी चालते. त्यावर बी.एड. केलंत की अकरावी-बारावीला शिकवता येईल. नववीला नाही. नववीला बी.ए.च लागतं. मोठ्या मुलांपुरती मी शहाणी आणि लहानांपुरती अडाणी का, असं मी विचारलं, तर "सरी मॅडम" असा कानडीत होकार देऊन त्याने रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

तर मी बी.ए. केलं. घरून, तीन वर्षं, इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन. पहिल्या परीक्षेला दारावरच्या बाईंनी मला अडवून सांगितलं की पालकांनी फाटकाबाहेर थांबावं. मी हॉलतिकीट दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं आणि खुर्चीला पाठ आहे का बघून बसा म्हणाल्या. नवरा सुरुवातीला माझी फार थट्टा करायचा. दुसऱ्या वर्षी त्याच्याही कंपनीत माणसं कमी करायला लागले, तेव्हा बी.ए.ला अजून प्रवेश चालू आहेत का, असं त्याने सहज विचारून ठेवलं.

त्यानंतर दोन वर्षांचं बी.एड. आलं. इथे घरून काही भागत नाही, रोज हजेरी लागते. माझ्या बाकावर निपाणीकडचे एक सर येऊन बसले. वय बावन्न. चिकपेटच्या एका शाळेत ते बावीस वर्षं इतिहास शिकवत होते. नवीन व्यवस्थापन आलं, त्यांनी फायली चाळल्या आणि सरांच्या फाईलमध्ये बी.एड. नाही असं निघालं. ते करून या, तोवर बिनपगारी रजा, असा हुकूम झाला. वर्गातल्या निम्म्या पोरी सरांच्या मुलीएवढ्या होत्या, तरी ते सगळ्यांना अक्का म्हणायचे. कसं शिकवायचं हे आम्हाला शिकवायला जे प्राध्यापक होते, ते बत्तीसचे असतील. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण त्यांच्याकडे त्याची पीएच.डी. होती.

सराव पाठांना आम्ही जवळच्या शाळेत गेलो. मी रात्रंदिवस खपून पाठाचं टाचण लिहिलं. विद्यार्थी ओळखतील, विद्यार्थी सांगतील, विद्यार्थी स्पष्ट करतील, असं सगळं त्यात होतं. रंगीत तक्ता होता, प्रस्तावनेचे पाच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं कोण देणार हेही मी मधल्या सुट्टीत ठरवून आले होते. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा सुरुवातीपासून झोपला होता. प्राध्यापकांनी मला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले.

माझ्यानंतर सर उभे राहिले. विषय होता जुनी बाजारपेठ. त्यांनी पिशवीतून कापडाचे चार तुकडे काढून मुलांच्या हातात दिले आणि विचारलं, हे विणलं कुणी, रंगवलं कुणी, आणि गावात आणलं कुणी? मुलं भांडायला लागली. झोपलेला मुलगा उठला, त्याचे वडील कापडाच्याच दुकानात होते, तो तर गप्पच बसेना. घंटा झालेली कुणाला कळली नाही.

प्राध्यापकांनी मात्र शेरा लिहिला. तक्ता नाही. उद्दिष्टं फळ्यावर नाहीत. वेळेचं नियोजन नाही. सर कसेबसे पास झाले.

परतताना मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटत होती. शेवटी मी म्हटलं, "सर, ते गुण तुमचे होते."

"राहू द्यात की अक्का," ते म्हणाले. "मला नोकरी हाय, तुमाला मिळवायची हाय. तुमाला मार्कं पडली ते बरंच झालं."

निकाल लागल्यावर मी तिन्ही पदव्या घेऊन कोरमंगलाच्या त्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी मनापासून अभिनंदन केलं. इतिहासाची जागा दोन वर्षांपूर्वीच भरली होती. पण तुम्ही मुळात इंजिनिअर आहात, तेव्हा संगणक घेता का, असं त्यांनी विचारलं. मी चहा संपवला आणि नको म्हणून उठले.

हे मी सरांना फोनवर सांगितलं. ते परत कामावर रुजू झाले होते. आठवड्याने त्यांनी मला चिकपेटला बोलावलं. त्यांच्याकडे नववीच्या दोन तुकड्या होत्या. वयामुळे दोन झेपत नाहीत असं अर्जात लिहून त्यांनी एक सोडली होती, आणि नव्या माणसाची पदवी बघायची तर बघून घ्या, एका बाईंच्या तीन आहेत, असं व्यवस्थापनाला सांगितलं होतं. सर रोज जिने चढून तिसऱ्या मजल्यावर मुलांच्या आधी पोचतात, हे मला नंतर कळलं.

पहिल्या तासाला ते मागच्या बाकावर येऊन बसले. मी बरं शिकवलं असं मला वाटलं. वर्ग सुटल्यावर मी विचारलं, कसं झालं?

"चांगलं शिकवलासा," ते म्हणाले. "फक्त पोरास्नी प्रश्न विचारला की जरा थांबा. तुमी इचारताय आनि तुमीच उत्तर देताय."

पाच वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी प्रश्न विचारला आणि थांबले. खालून हातगाडीवाल्याच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. मग खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला आणि साफ चुकीचं उत्तर दिलं, आणि ते कसं चूक आहे हे सांगायला आणखी सहा हात वर आले.