शनिवारपुरता कुत्रा

आमच्या शेजारची माया रामटेके सिटी बसवर कंडक्टर आहे. बस थांब्यावर यायच्या आधी तिचा आवाज येऊन उभा राहतो, असं मी गल्लीत सांगत असते आणि ते तिच्या कानावर गेलेलं आहे. एकटी राहते, ओमप्रकाशजींच्या घरात खालच्या दोन खोल्या भाड्यानं. माणूस बसमध्ये चढताना कोणता पाय आधी टाकतो यावरून ती त्याचा स्वभाव सांगते, आणि हमखास चुकते.

मागच्या उन्हाळ्यात डेपोमध्ये एका कुत्र्याचा मागचा पाय बसच्या चाकाखाली आला. बाकीचे चुकचुकले आणि चहाला गेले. मायानं त्याला युनिफॉर्मच्या ओढणीत बांधून दवाखान्यात नेलं आणि तिथून सरळ घरी आणलं. पाय वाचला, पण कामाचा राहिला नाही, नुसता सोबत असतो. अंगानं काळाकुट्ट, छातीवर तेवढा इस्त्री केलेल्या रुमालाएवढा पांढरा डाग. जी बस चालतही नाही आणि भंगारातही जात नाही तिला डेपोत जे म्हणतात तेच नाव त्याला पडलं, खटारा.

आता खटाऱ्याला एकच खोड होती. माया ड्युटीवर गेली की तो रडायचा. भुंकत नव्हता, रडायचा, तेही सूर लावून. ओमप्रकाशजींनी आधी खिडक्या बंद केल्या, मग टीव्ही मोठा केला, शेवटी खाली येऊन सांगितलं की दिवाळीपर्यंत कुत्रा गेला पाहिजे, नाही तर दोघांनीही जावं. आमच्याकडे ठेवला असता, पण एक मांजर आणि एक सासूबाई आधीच होत्या आणि दोघींनीही त्याच्याकडे बघून पाठीची कमान केली. डेपोत परत सोडला तर बसच्या मधून पळायला तीन पाय पुरत नाहीत, हे मायाला पक्कं माहीत होतं. तिनं फोटो काढून मोबाइलवर सगळ्यांना पाठवला आणि आमच्या गल्लीत श्वानप्रेमींची रांग लागली.

प्रेमी, बरं का. प्रत्येक जण पहिल्या वाक्यात सांगायचा की आम्हाला कुत्री फार आवडतात. दुसऱ्या वाक्यापासून मला किळस यायला लागायची. एक बाई म्हणाल्या, याच्यात थोडी तरी लॅब्राडॉर असेल ना? जणू दुधात पाणी किती विचारत होत्या. काटोलकडचा एक संत्रेवाला बागेवर राखणीला नेतो म्हणाला, आणि गाडीतून आधी साखळीच काढली, बैलाला जड होईल अशी. एक तरुण जोडपं तर मुलीच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून न्यायला आलं होतं. वाढदिवस झाल्यावर काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू. माया सगळ्यांना एका दमात पायरीवरून उतरवायची. त्यात तिचा हात बसलेलाच आहे.

मग दुर्गेशजी आणि दीपमालाताई आले. मोठा बंगला, मागेपुढे मोकळी जागा, मुलं परदेशात. जात विचारली नाही, म्हणजे कुत्र्याची. लंगडा आहे याचंही काही वाटलं नाही. दुर्गेशजी खटाऱ्यासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी चक्क हात जोडले. मी मायाच्या कानात म्हटलं, "आता आरती करते का काय वं हा?" तर तिनं मला कोपर मारलं. उजवा पाय आधी टाकला त्यांनी, माणूस सोन्यासारखा आहे, म्हणाली. खटाऱ्याची गादी, वाटी, औषध सगळं बांधून दिलं आणि गाडी वळेपर्यंत गेटवर उभी राहिली. त्या दिवशी तिच्याकडे वरण-भात मी नेऊन दिला. तिनं मीठ कमी आहे म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पुढे फोन केला की दीपमालाताई म्हणायच्या, मजेत आहे, आम्ही त्याचं नाव भैरव ठेवलं. फोटो मागितला की रेंज जायची. शेवटी माया एका सुट्टीच्या दिवशी मला घेऊन न सांगता तिकडे गेली. तो शनिवार होता.

मी स्वतः शनिवारी मारुतीला तेल घालते, तेव्हा पुढचं काही मी देवाधर्माविरुद्ध सांगत नाही. बंगल्याच्या फाटकाशी खटारा बांधलेला होता. गळ्यात झेंडूचा हार. समोर दहा-बारा माणसं, प्रत्येकाच्या हातात मोहरीचं तेल चोपडलेली पोळी. येत होते, पोळी त्याच्यापुढे टाकत होते, डोकं टेकवत होते, जात होते. काळ्या कुत्र्याला शनिवारी तेलाची पोळी घातली की साडेसाती हलकी होते म्हणतात. दुर्गेशजींची साडेसाती सुरू होती आणि आता कॉलनीतल्या सगळ्यांचीच तिथे सोय झाली होती. खटारा एकही पोळी खात नव्हता. मान खाली घालून छाती चाटत होता, चाटत होता.

माया खाली वाकली आणि तशीच थांबली. छातीवरचा पांढरा डाग गेला होता. तिथे केस चिकटून काळे कडक झाले होते आणि मधल्या फटींमधून लाल कातडं दिसत होतं, ओलं, त्याच्यावर माशा.

"हे काय लावलं?" मायानं विचारलं.

दीपमालाताई अगदी सहज म्हणाल्या, "अहो, तो पांढरा डाग होता ना. पंडितजी म्हणाले, पूर्ण काळा पाहिजे, नाहीतर फळ मिळत नाही. म्हणून डाय लावतो. आमच्या ह्यांचाच आहे, चांगला ब्रँडेड."

मी दुर्गेशजींच्या डोक्याकडे बघितलं. खरंच, तोच रंग.

माया ताडकन उठली. ती बंगल्याच्या मागे गेली, मी तिच्या मागे. धुण्याच्या दगडाजवळ त्याची गादी फाटून पडली होती आणि बाजूला प्लास्टिकच्या टोपल्यात मागच्या शनिवारच्या पोळ्या होत्या, चळत लावलेल्या. तेल जुनं होऊन त्याला खवट वास सुटला होता, खालच्या पोळ्यांवर हिरवी बुरशी, वरच्यांवर मुंग्या. आठवडाभर तेच त्याचं जेवण. दुर्गेशजी मागून येऊन समजावत होते की पूजेचं अन्न आहे, फेकता येत नाही. मी नाक दाबून त्यांच्या तुळशीजवळच उभी राहिले, म्हटलं उलटी झालीच तर निदान कुंडीत होईल.

माया परत पुढे आली आणि तिनं दोरी सोडायला घेतली. दुर्गेशजींनी दोरी धरली. साडेसातीची अडीच वर्षं उरलीत, तोवर तरी त्याला ठेवावंच लागेल, म्हणाले, नंतर हवा तर घेऊन जा. मग आवाज जरा गोड केला. "तुमच्यात हे मानत नसतील मायाताई. पण आमच्यात त्याला देवासारखं मानतात."

रांगेतले सगळे मायाकडे बघायला लागले. तुमच्यात म्हणजे कुणात, हे तिथे कुणालाच विचारावं लागलं नाही. मायाच्या आजीनं छप्पन साली दीक्षाभूमीवर उभं राहून जे सोडलं, ते हा माणूस तिला चारचौघांत अंगणात उभी करून वर्मी लागेल असं ऐकवत होता.

"हाव," माया म्हणाली, "आमच्यात कुत्र्याले कुत्रं म्हणते आन् ताजं खाऊ घालते. सोडा दोरी."

आवाज चढवला नाही तिनं. भरलेल्या बसमध्ये 'पुढे सरका' म्हणताना जो असतो तोच. दुर्गेशजी सरकले. रांगेतली एक म्हातारी पोळी हातात धरून मला विचारत होती, आता माझं कसं? मी म्हटलं, आजी, स्वतः खा, ताजी आहे.

परत आणला, दवाखाना झाला, पण दिवाळी तोंडावर आलेली आणि ओमप्रकाशजी रोज जिन्यात खोकत होते. मायानं आता फोटो पाठवणंच बंद केलं. कुणी कुत्री आवडतात म्हटलं की तिच्या चेहऱ्यावर त्या टोपल्याचा वास आल्यासारखं दिसायचं. डेपोजवळ एखादी खोली मिळते का, हे ती हळूच विचारत फिरत होती. मला ते कळलं आणि झोंबलं, कारण मग मी छेडायचं कुणाला?

गल्लीच्या तोंडाशी अंजनाबाईंचा इस्त्रीचा ठेला आहे. बाई तोंडाच्या फटकळ, मुलं, मांजरं, गिऱ्हाइकं, सगळ्यांवर सारख्याच खेकसतात. माया कपडे द्यायला गेली तेव्हा खटारा टेबलाखाली सावलीत जाऊन बसला. माया त्याला ओढायला लागली.

अंजनाबाई इस्त्री न थांबवता म्हणाल्या, "राहू दे त्याले. आन् आधीच सांगतो, मले कुत्रे आवडत नाहीत."

माया एकदम तिथेच थांबली. कुणी तरी खरं बोललं होतं.

"काहून बसून राहिला मग तो इथं?" अंजनाबाईंनीच विचारलं. "घरी काय करते?"

"रडते. एकटं राहवत नाही त्याले."

"मी त कुठी जातच नाही," अंजनाबाई म्हणाल्या. "दिवसा ठेला, मांगं खोली. केस कपड्याले लागले त मात्र हाकलून देईन."

मायानं या वेळी पाय-बिय काही बघितले नाहीत. वाटी तेवढी आणून दिली.

आता ड्युटीवर जाताना ती ठेल्यापाशी थांबते आणि हाक मारते, अख्खी गल्ली जागी होईल अशी. खटारा टेबलाखालून बघतो, शेपूट दोनदा जमिनीवर आपटतो आणि परत डोळे मिटतो. उठत नाही. माया तोंड वाकडं करून माझ्याकडे वळते आणि म्हणते, "पाह्यलं का वं, किती माजला." मग बसकडे जाते, आणि पार त्या वळणापर्यंत हसत असते.