फानिकाबाई आणि ओरेश्काची खुर्ची

स्लोव्हेनियात, लुब्लियानातल्या आमच्या कचेरीत फानिका पिंतार या बाई अकरा वर्षं एकाच टेबलाशी बसल्या. दारावर पाटी होती, 'परदेशी मदत : स्वीकार'. देश नवा होता, खिसा फाटका होता. कुणी श्रीमंत देश यंत्रं द्यायचा, कुणी पुस्तकं, कुणी नुसतेच सल्लागार. आलेलं ताब्यात घ्यायचं, पाहुण्यांना गावोगाव फिरवायचं आणि शेवटी आभाराचं पत्र लिहायचं, हे बाईंचं काम. आभाराच्या पत्रात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा उत्तरेकडच्या कुठल्याशा देशानं आम्हाला बर्फ काढायची चारशे फावडी पाठवली. आल्प्सच्या पायथ्याशी जन्मलेल्या माणसांना फावडी! बाईंनी लिहिलं, 'आपली फावडी पाहून यंदा आमचा हिवाळाच लाजला.' ते पत्र तिकडे एवढं आवडलं की पुढच्या वर्षी त्यांनी आणखी चारशे पाठवली.

मी बोरुत. त्याच खोलीत खिडकीपाशी माझं टेबल.

२००४ साली आम्ही युरोपीय संघात गेलो. आठवडाभर बँड वाजले, आणि मग ब्रसेल्सहून पत्र आलं, की आता तुम्ही घेणाऱ्यांतले नाही, देणाऱ्यांतले. तुमचं मदतीचं धोरण काय ते कळवा. आमचे साहेब क्रेसाल ते पत्र हातात घेऊनच खोलीत आले.

"फानिकाबाई, टेबल तेच, कपाट तेच. फक्त आता आपण घ्यायचं नाही, द्यायचं."

"कुणाला?"

"ते धोरणात येईल."

"काय द्यायचं?"

"तेही धोरणात येईल."

"मग तोवर मी काय करू?"

साहेबांनी जरा विचार केला. "पाटी बदला," म्हणाले.

धोरण लिहायला मंत्र्यांचे सल्लागार विदेर्गार आले. तरुण, गोरेगोमटे, तीन देशांत शिकलेले. त्यांनी बेचाळीस पानं लिहिली. त्यात आमच्या मदतीचे तीन अग्रक्रम ठरले: मुलं, स्त्रिया आणि स्वच्छ पाणी. दिलेल्या मदतीची तपासणी कशी करावी, एवढं एक पान त्यांनी मोठ्या मनानं बाईंना लिहायला सांगितलं. बाईंनी तीन ओळींत आटोपलं. 'न सांगता जावे. मागच्या दाराने जावे. आधी संडास बघावा.'

विदेर्गारांनी कागद दोन बोटांत धरून परत आणला. "बाई, याला धोरण म्हणत नाहीत."

"धोरण नाहीच आहे ते. अनुभव आहे."

ते पान गळालं. त्या जागी तपासणीचा एक तक्ता आला, त्यात बाण होते.

आमची पहिली मदत गेली मॅसिडोनियातल्या ओरेश्का गावाला. शाळेला चोवीस नव्या खिडक्या. दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, मी आणि बाई तपासणीला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी बाईंची दाढ ठणकायला लागली. आमच्याकडे दाताच्या डॉक्टरची वेळ पाच आठवड्यांनी मिळत होती. बाईंनी दाढेत लवंग दाबली, गालाला रुमाल बांधला आणि विमानात बसल्या. स्कोप्येच्या विमानतळावर पोलिसानं पासपोर्ट उलटसुलट पाहिला तेव्हा त्या रुमालातून करवादल्या, "लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इथल्या तळ्यावर फिरायला आले होते, तेव्हा नुसतं रेल्वेचं तिकीट लागलं होतं. तेव्हा आपण सगळे एका देशातले होतो. आता मी परदेशी, आणि तूही."

पोलीस पन्नाशीचा होता. "मावशी, तेव्हा मी रेल्वेतच नोकरीला होतो," म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.

ओरेश्कात दारादारांत लाल मिरच्या भाजणं चाललं होतं, हिवाळ्याच्या चटणीसाठी. सगळं गाव खमंग धुरात होतं. शाळेच्या फाटकात दोब्रिला मित्रेस्का उभ्या होत्या. नगरपालिकेत परदेशी मदतीचं काम त्यांच्याकडे. बाईंच्याच वयाच्या, तशाच ठेंगण्या, तशीच पर्स पोटाशी धरलेली. हातात स्वागताचा पाव आणि मीठ. मागे मुलांची रांग. मुलांनी आमच्या भाषेतलं एक गाणं म्हटलं. मला त्यातले चार शब्द कळले.

"वा!" दोब्रिलाबाई म्हणाल्या. "किती मनापासून म्हणतात बघा. तुमच्या देशावर फार जीव आहे त्यांचा."

"दिसतंय," फानिकाबाई म्हणाल्या. "चालही आमचीच ठेवली असती तर आणखी दिसलं असतं."

खिडक्या मात्र उत्तम होत्या. मी मोजल्या, चोवीसच्या चोवीस. तक्त्यात चोवीस बाण भरले. दाराशी पितळी पाटी होती, 'स्लोव्हेनियाच्या जनतेकडून ओरेश्काच्या मुलांना.' मी तिचा फोटो घेत होतो आणि बाई एका हातानं गाल धरून त्या पाटीकडे पाहत उभ्या होत्या. आपलं नाव भिंतीवर बघून ऊर भरून आला असेल, असं मला वाटलं. पण त्या पाटीकडे बघत नव्हत्या, तिच्याभोवतीच्या भिंतीकडे बघत होत्या. पाटीच्या चारी बाजूंनी रंगाची एक फिकट चौकट होती. पाटीपेक्षा चांगली वीतभर मोठी.

"संडास कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"संडास?" दोब्रिलाबाई दचकल्या. "तो कार्यक्रमात नाही."

"माझ्या आहे."

बाई गेल्या त्या वीस मिनिटं आल्याच नाहीत. दोब्रिलाबाई मला पटाच्या नोंदी दाखवत होत्या, पण लक्ष सगळं दाराकडे. दोनदा त्यांनी तोच वर्ग दाखवला. अखेर बाई आल्या. चेहरा कोरा, फक्त गाल सुजलेला.

जेवण नगरपालिकेच्या मागच्या खानावळीत होतं. मातीच्या भांड्यात भाजलेला राजमा, मिरच्यांची ताजी चटणी, मेंढीचं चीज, आणि राकियाचे छोटे पेले. बाईंनी दारूचा घोट दाढेवर धरला, डोळे मिटले आणि गिळून म्हणाल्या,

"दोब्रिलाबाई, पाटीचे स्क्रू कोण लावतं?"

"कसले स्क्रू?"

"पाटीचे. पितळी स्क्रू सारखे काढले-घातले की त्यांची डोकी झिजतात. मग ते अर्ध्यात अडकतात, आणि पाहुण्यांची गाडी तर फाटकात आलेली असते."

दोब्रिलाबाईंचा चमचा राजम्यात तसाच उभा राहिला.

"मी साबण लावायचे," बाई म्हणाल्या.

"साबण?"

"कोरडा. स्क्रूच्या आट्यांवर घासायचा. लोण्यासारखा जातो, लोण्यासारखा निघतो."

खानावळवाला चटणी घेऊन आला, आमची तोंडं बघून आल्या पावली परत गेला. आणि मग दोब्रिलाबाईंच्या खांद्यांना हादरे बसायला लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. फानिकाबाईही हसायला लागल्या, पण दाढेमुळे त्यांना अर्ध्याच तोंडानं हसता येत होतं, आणि ते बघून दोब्रिलाबाईंना आणखी हसू फुटत होतं.

"कुठे सापडली?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"शिपायाच्या कपाटात. खडूच्या खोक्यांमागे. टॉवेलात गुंडाळली होतीस."

"टॉवेल स्वच्छ होता हं!"

"म्हणूनच संशय आला."

टॉवेलातली ती पाटी दुसऱ्या एका श्रीमंत देशाची होती. खिडक्या त्यांनी दिल्या होत्या, आमच्या आधी सहा महिने. त्यांची माणसं आली की त्यांची पाटी, आमची आली की आमची.

मग बाईंनी स्वतःचं सांगितलं. इतक्या वर्षांत मला कधी बोलल्या नव्हत्या. बोस्नियातलं युद्ध पेटलं त्या हिवाळ्यात आमच्याकडे माणसांचे लोंढे आले होते, पोरं कापडी चपलांत. मदत मात्र यायची ती फक्त इमारतींसाठी. बुटांसाठी द्यावं असं कुणाच्याच धोरणात नव्हतं. बाईंनी एकच बालवाडी दोन देशांना दाखवली, सकाळी एकाला, दुपारी दुसऱ्याला. मधल्या वेळात पाटी बदलली आणि मुलांचे कोट आपसांत अदलाबदल केले. दुसऱ्या देशाच्या बालवाडीच्या पैशाचे बूट झाले.

"संध्याकाळी घरी गेले आणि उलटी झाली," बाई म्हणाल्या. "भीतीनं. तुला होते का गं?"

"मला पित्त उठतं," दोब्रिलाबाई म्हणाल्या. "पाहुणे जाईपर्यंत खाजवायचंही नाही."

"बरं, आमचे पैसे कुठे गेले ते सांग आता."

दोब्रिलाबाई उठल्या. "चला," म्हणाल्या. "पण ओरडू नका."

दवाखाना जुन्या टपाल कार्यालयात होता. आतल्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, दाताच्या डॉक्टरची एक कोरी करकरीत खुर्ची उभी होती. फिकट हिरवी, वरखाली होणारी, बाजूला गुळणी टाकायचं पांढरंशुभ्र भांडं, आणि त्यात पाण्याची बारीक धार. आधी या गावात दात काढायचे ते न्हाव्याच्या खुर्चीत. डॉक्टर स्नेझाना एका बाजूनं ओढायच्या, न्हावी दुसऱ्या बाजूनं डोकं धरायचा. तीस देशांना अर्ज केले, दोब्रिलाबाई सांगत होत्या. मुलं म्हटलं की मिळतं, पाणी म्हटलं की मिळतं, लोकशाही म्हटलं तर दोनदा मिळतं. दात म्हटलं की पत्रच येत नाही.

"चालते का?" बाईंनी खुर्चीला हात लावला.

"बसून बघा," डॉक्टर स्नेझाना म्हणाल्या. त्यांची नजर मघापासून त्या सुजलेल्या गालावर होती.

"मी तपासणीला आले आहे."

"मग तपासा ना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बोरुत, तक्ता हातात धर आणि बाहेर जाऊ नकोस. मी किंचाळले तर लिही." आणि पर्स पोटाशी धरून खुर्चीत बसल्या.

चाळीस मिनिटं लागली. दाढ निघाली. बाई किंचाळल्या नाहीत, फक्त त्यांनी दोब्रिलाबाईंचा हात एवढा आवळला की तिथे वळ उठले. शेवटी गुळणी केली, खुर्ची आपणच खाली घेतली, एकदा वर घेतली, पुन्हा खाली घेतली.

"चांगली आहे," म्हणाल्या. ते शब्द कापसातून आले.

बाहेर आल्यावर दोब्रिलाबाईंनी हळूच विचारलं, "आता लिहिणार?"

"लिहिणार."

दोब्रिलाबाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या नोकरीची अजून सहा वर्षं उरली होती, आणि घरी आजारी सासू.

"खोटं नाही लिहायची हं मी," फानिकाबाई म्हणाल्या. "पुष्कळ लिहिलं आयुष्यात. पण खरंसुद्धा नीट लिहिता येतं, अगं. तू ती पाटी आधी शाळेवरून काढ आणि इथे लाव. आणि त्या बिचाऱ्या देशाची टॉवेलातून काढ. खिडक्या त्यांच्या आहेत."

परतीच्या विमानात त्यांनी अहवाल लिहिला, एका बाजूनं पाव चघळत. 'खिडक्या पाहिल्या. उत्तम आहेत. त्या आपण दिलेल्या नाहीत. आपण एक खुर्ची दिली आहे. धोरणाच्या तिन्ही अग्रक्रमांत ती बसते. खुर्चीचा उपयोग मुलं करतात. ती चालवणारी डॉक्टर स्त्री आहे. खुर्चीला गुळणीसाठी स्वच्छ पाणी आहे. तपासणी प्रत्यक्ष केली. पुरावा सोबत जोडला आहे.'

पुरावा म्हणजे कागदाच्या पुडीतली दाढ. ती त्यांनी खरोखरच टाचली.

विदेर्गार अहवाल घेऊन आमच्या खोलीत आले तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बाई, हे काय आहे? चोवीस खिडक्यांची खुर्ची कशी होते? ही खुर्ची धोरणात बसते कुठे?"

"खुर्चीत मी बसले. दुखलं नाही."

"उद्या कुणी शवपेट्या घेतील!"

"घेतील. गावाला लागल्या तर घेतील."

क्रेसाल साहेब दारात उभे होते. त्यांनी पुडी उघडून पाहिली आणि घाईनं मिटली. पंधरा दिवस कागद वरखाली फिरले. दोब्रिलाबाईंना जाब विचारावा, असं विदेर्गारांचं म्हणणं होतं. साहेबांचं म्हणणं पडलं, की जाब विचारायचा तर आपण दोन वर्षं दुसऱ्याच्या खिडक्यांबद्दल स्वतःची पाठ थोपटली हेही ब्रसेल्सला कळवावं लागेल. मग कुणालाच जाब विचारला नाही. बाईंना तेवढी एक लेखी समज मिळाली, 'शरीराचे अवयव अहवालाला जोडू नयेत.'

दुसऱ्या वर्षी सुधारित धोरण छापून आलं. बाईंनी चष्मा लावून चौथं पान काढलं आणि मला हाक मारली. अग्रक्रमांच्या ओळीत लिहिलं होतं, 'मुलं, स्त्रिया, स्वच्छ पाणी आणि तत्सम.'

"'आणि तत्सम'," बाईंनी बोट ठेवलं. "हे माझं."

त्या दोन शब्दांतून पुढे काय काय गेलं! कोसोवोतल्या एका गावाला घंटागाडी, मोल्दोवात मधमाश्यांच्या पेट्या, एका ठिकाणी तर म्हाताऱ्यांच्या बुद्धिबळाचे पट. प्रत्येक अर्ज आला की विदेर्गार कपाळाला हात लावायचे आणि बाई शांतपणे चौथं पान उघडायच्या.

बाई निवृत्त होऊनही आता बरीच वर्षं झाली. दर ऑक्टोबरात त्या आणि त्यांचे यजमान स्लावको ओरेश्काला जातात. परवा बाजारात स्लावको भेटले. रेल्वेत सिग्नलवर आयुष्य गेलेला सरळ माणूस. म्हणाले, "बोरुत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी दाताचा डॉक्टर आहे. शंभर पावलं. आणि ही बाई साडेनऊशे किलोमीटर गाडी चालवायला लावते मला."

"दात तपासायला?"

"दात कसले! आता राहिलेत किती? दोघी दोन दिवस अंगणात बसतात, मिरच्या भाजतात आणि जगातल्या सगळ्या देशांना नावं ठेवतात. मला मिरच्या सोलायला बसवतात. आणि येताना गाडीत चाळीस बाटल्या चटणी. सीमेवरचा माणूस विचारतो, हे काय आहे? तर ही सांगते, परदेशी मदत."

"मग तो काय म्हणतो?"

"गेल्या खेपेला त्यानं दोन बाटल्या ठेवून घेतल्या," स्लावको म्हणाले. "आणि हिनं त्याच्याकडून पोच लिहून घेतली."