वळणावरचं अस्वल

एटापल्लीच्या रस्त्यावर नाल्याजवळ एक वळण होतं. त्या वळणावर माझी चहाची टपरी आणि टपरीमागे लहानूभाऊ खोब्रागडेचं घर. गाड्या वळायच्या ऐवजी सरळ नाल्याच्या रेतीत उतरत. लहानूभाऊ त्यांना वर काढी, तोवर मी चहा पाजी. हे वळण सरळ करा, असा अर्ज आम्हा दोघांपैकी कुणीही कधी केला नाही.

लहानूभाऊजवळ हाताने फिरवायची लोखंडी चरखी होती, लाकडाच्या डेपोच्या लिलावात घेतलेली. चरखी मोहाच्या झाडाला बांधायची, तारेच्या दोराचं टोक गाडीला अडकवायचं आणि दांडा फिरवत राहायचं. ताणलेल्या दोरावर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे दोर तुटलाच तर उसळून कुणाचं डोकं फोडत नाही. पोत्याचं काम त्याची मुलगी सीता करी. ती दहावी पास होती आणि बापापेक्षा जोरात ओरडे. ती 'बाजूले सरा' म्हणाली की ठेकेदारसुद्धा सरत.

लहानूभाऊचा एक नियम होता. गाडी कशी फसली, हे विचारायचं नाही. "फसलेल्या मानसाले काय इचारायचं?" तो म्हणे. "तो आधीच फसला हाय."

न विचारताही लोक सांगतच. साहेबाच्या जीपला वाघ आडवा आलेला असे, ट्रकवाल्याला रोही, मोटारसायकलवाल्याला ससा. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे जनावर. रेतीत चाकांचा माग स्वच्छ दिसे, जनावराचा कुठेच नसे. लहानूभाऊ मान डोलावून ऐके. माझं मात्र डोकं फिरे. अशांच्या चहात मी साखर कमी टाकी.

सीताने दोन स्थळं नाकारली होती. पहिल्याची सांगितलेली नोकरी सापडली नाही, दुसऱ्याची न सांगितलेली बायको सापडली. "काळा असो, गोरा असो, मले खोटं बोलनारा नाई पायजे," ती म्हणे. "मंग बस जन्मभर पोतं टाकत," तिची आई अंजनाबाई म्हणे, आणि मग स्वतःच डोळे पुसे. लहानूभाऊ घरात काही बोलत नसे. माझ्या टपरीवर येऊन बोले. "पोरीचं बरोबर हाय गा. पन खरा मानूस मी आनू कुठून?" हे बोलताना त्याचा चहा थंड होऊन जाई.

तिसरं स्थळ सावली गावचं आलं. मुलगा गुणवंत, पोस्टात नोकरीला. वडील देवाजीभाऊ, बोलायला भारी. मोहफुलांचे दिवस होते. ऊन तापायच्या आत पोचावं म्हणून पाहुणे भाड्याची जीप करून पहाटेच निघाले, आणि आमच्या वळणावर येऊन जीप नाल्यात उतरली. मुलीचं घर तिथून दिसत होतं.

जय भीम झाला. लहानूभाऊ चरखी घेऊन आला. पण झाड झिंगूचं. झिंगू पलीकडच्या पाड्यातला गोंड, मोह त्याच्या घराण्याचा, आणि त्याची अट जुनी होती. फुलं वेचून होईपर्यंत झाडाला कुणी दोर लावायचा नाही, खालची झाडलेली जागा तुडवायची नाही. त्याची बायको सुकरी टोपली घेऊन बसली होती. तिने पाहुण्यांकडे एकदा पाहिलं आणि वेचत राहिली. तिथे तहसीलदार थांबले होते, होणारे व्याही कोण लागून गेले?

देवाजीभाऊ माझ्या टपरीत बसले. पहिल्या चहाला जीपसमोर अस्वल आलं. दुसऱ्या चहाला त्याच्यासोबत पिल्लू होतं. तिसऱ्याला ते मागच्या दोन पायांवर उभं राहून अंगावर आलं. मी साखर कमी करत गेलो. जीपचा ड्रायव्हर दुसरीकडे पाहत बिडी ओढत होता. गुणवंत खाली रेतीत एकटाच उभा होता.

त्या दिवशीची फुलं वेचून संपली. लहानूभाऊने खोडाला पोती गुंडाळून चरखी बांधली. मुलगी पाहायला आलेल्यांना मुलगी दिसली ती अशी: पदर खोचलेला, पाय रेतीत, खांद्यावर ओलं पोतं. अंजनाबाईने दारात कपाळाला हात लावला.

सीताने दोरावर पोतं टाकलं आणि सरळ गुणवंतकडे पाहिलं.

"गाडी कशी फसली?"

लहानूभाऊचा हात दांड्यावरच थांबला. इतक्या वर्षांत आमच्याकडून हा प्रश्न कुणालाच गेला नव्हता.

"अस्वल होतं ना," देवाजीभाऊ म्हणाले.

"तुमाले नाई, भाऊ. याइले इचारून राह्यली."

गुणवंतने बापाकडे पाहिलं, मग रेतीकडे. "अस्वल नव्हतं, बाबा," तो हळूच म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "मले गाडी चालवता येत नाई. ड्रायव्हरले म्हटलं, गाव आलं, आता द्या माह्याजवळ. तुमच्या दारात आपन सोता चालवत यावं, असं वाटलं. वळण आलं, मी सरळ गेलो."

देवाजीभाऊ नाल्यापलीकडच्या झाडांकडे पाहू लागले. अस्वल अजूनही येईल, अशी त्यांना आशा असावी.

"बाजूले सरा," सीता म्हणाली. सगळे सरले. "बाबा, ओढा."

जीप वर आली. पाहुण्यांनी पाय धुतले, पोहे खाल्ले. देवाजीभाऊंनी मुलीला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, दोन्ही त्यांना आधीच माहीत होतं. शेवटी रीत म्हणून म्हणाले, "पोरीले काही इचारायचं असन तं इचारू द्या."

"माहं इचारून झालं," सीता म्हणाली.

लहानूभाऊ उठून बाहेर आला आणि मोहाखाली जाऊन चरखीचा दोर गुंडाळू लागला. दोर केव्हाच गुंडाळून झाला होता. त्याचे डोळे लाल झाले होते, नाक वाहत होतं. मी साखर जास्त टाकून चहा नेला आणि त्याच्या शेजारी बसलो. काय झालं, ते विचारलं नाही.