आत्याच्या कमरेचा दोर

परेश भोईरला हेलिकॉप्टरची भीती वाटते, हे पनवेलात त्याच्या बायकोशिवाय कुणाला खरं वाटायचं नाही. एसटी स्टँडामागे त्याचा फोटो स्टुडिओ. आत शिरलं की नवरा-नवरीपेक्षा हेलिकॉप्टरचेच फोटो जास्त. समुद्रातल्या तेलविहिरींकडे माणसं घेऊन निघालेलं, कर्नाळ्याच्या अंगाला डोंगरावर वणवा पेटला तेव्हा पोटाखाली पाण्याची अवाढव्य बादली लोंबकळवत धुरात शिरणारं, पुरात कुणाच्या तरी गच्चीवर थरथरत तरंगणारं. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय डेरिंग हो तुमचं!" परेश नुसता हसायचा. डेरिंग कसलं डोंबलाचं! आकाशात फडफड ऐकू आली की त्याचा हात आधी कॅमेऱ्याचा पट्टा शोधायचा.

सुरुवात एका लग्नात झाली होती. मोठ्या बागायतदाराच्या घरचं लग्न, नवरदेव हेलिकॉप्टरने मांडवात आणायचं ठरलेलं. आदल्या दिवशी पायलटने सगळ्यांना सांगितलं होतं की खाली काही गडबड दिसली तर दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरायचे, मी उतरणार नाही. ऐकलं सगळ्यांनी, पण मांडवाचं कापड एका कोपऱ्यात नीट बांधलेलं नव्हतं. हेलिकॉप्टर खाली आलं तसं ते सुटलं आणि सापासारखं वर पात्यांकडे निघालं. लोक पळाले. परेशचे पाय जागचे हलेनात. डोळा कॅमेऱ्याला लागलेला आणि बोट आपलं दाबतंय. कापड थोडक्यात बाजूला गेलं. तो फोटो गावोगाव फिरला आणि परेशचं नाव झालं. त्याला मात्र तेव्हा एकच कळलं. डोळ्याला कॅमेरा लावला की भीती त्या चौकटीएवढीच उरते.

"अहो, एवढं घाबरता तर जाता कशाला?" त्याची बायको दिपिका विचारायची.

"घरी बसून आवाज ऐकला तर जास्त घाबरतो."

मग ती एकवीरा आईचा अंगारा त्याच्या कपाळाला लावायची आणि उरलेलं बोट कॅमेऱ्याला पुसायची. "यालाही लागतो. बिचारा तुमच्याबरोबर फरफटतो."

त्या श्रावणातल्या अमावास्येला उधाण होतं आणि आदल्या रात्रीपासून पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. सकाळीच जगनचा फोन आला. जगन म्हणजे मालू आत्याचा मुलगा. परेशची आई तो लहान असताना गेली, तेव्हापासून सुट्टी म्हणू नका, सण म्हणू नका, परेश आत्याच्याच घरी. उरणच्या वाटेवर खाडीकाठी तिचं गाव. जगन फोनवर धड बोलेना. "परेश, बांध फुटला. आई उघाडीवर अडकली हाय."

खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाला मातीचा बांध असतो, आणि शेतातलं पाणी खाडीत सोडायला त्या बांधात दगडी दार. तीच उघाडी. ओहोटीला दारातून पाणी ओढ घेतं, त्याच्याबरोबर मासळी येते. तिथं जाळं लावायची घराघराची पाळी ठरलेली. त्या दिवशी पाळी आत्याची होती आणि एवढ्या पावसात जाऊ नको म्हणून सांगितल्यावर ती म्हणाली होती, "पाळी सोडली तर मासा काय आपल्यासाठी थांबून राहनार हाय?" जगन तिला सोडून टोपल्या आणायला घरी आला, आणि तेवढ्यात उघाडीच्या दोन्ही अंगांनी बांध वाहून गेला. मधला दगडी चौथरा तेवढा उरला आणि त्यावर आत्या.

परेश पोचला तेव्हा सगळं गाव शाळेच्या गच्चीवर. समोर नुसतं तांबडं पाणी. होडी टाकायची सोय नव्हती, टाकली असती तर सरळ खाडीत गेली असती. लांब चौथऱ्यावर एक हिरवा ठिपका दिसत होता. प्लास्टिकची खोळ डोक्यावरून घेऊन आत्या बसली होती.

"परेश आला!" सुनंदाकाकी मागून म्हणाली. "आता हेलिकॉप्टर येनार बघा. याला विचारल्याबिगर ते निघतच नाय."

दोघं-तिघं हसले. भीतीनं माणसं हसतात तशी. जगनला हसू आलं नाही. तो कठड्याला धरून उभा होता आणि ओठातल्या ओठात आईचं नाव घेत होता. कोणत्या आईचं ते परेशनं विचारलं नाही.

आणि खरंच आवाज आला. आधी छातीत, मग कानात. लाल-पांढरं हेलिकॉप्टर ढगाखालून आलं आणि परेशचे हात आपोआप बॅगेत गेले. त्यानं लांबची लेन्स लावली. चौकटीत चौथरा आला, खोळ आली, आत्याचं तोंड आलं. तिचे डोळे घट्ट मिटलेले. हेलिकॉप्टरच्या वाऱ्यानं पाणी पोळी लाटावी तसं चपटं झालं आणि कडेनं तुषार उडाले. दारातून एक माणूस तारेला लोंबकळत खाली आला. गच्चीवर एकच गिल्ला. टॉवेल, छत्र्या, ओढण्या, ज्याच्या हाती जे होतं ते हलायला लागलं.

परेशचं बोट चाललं होतं. तो माणूस चौथऱ्यावर टेकला. त्यानं आत्याच्या काखेतून पट्टा घेतला. आत्या मान हलवत होती, काहीतरी ओरडत होती. त्या घरघरीत त्याला काय ऐकू जाणार? त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं, घाबरू नको आजी म्हणतात तसं, आणि वर अंगठा दाखवला.

तेवढ्यात वाऱ्यानं खोळ वर फेकली. परेशला आत्याच्या कमरेला निळा दोर दिसला. तिथून तो मागे जाऊन उघाडीच्या लोखंडी खांबाला गेला होता.

हा दोर तो लहानपणापासून बघत आला होता. उघाडीवर उभं राहणाऱ्याला ओहोटी ओढून नेते, म्हणून घरचं माणूस त्याच्या कमरेला दोर बांधतं. गाठ पाठीमागे, स्वतःचा हात पोचणार नाही अशी, म्हणजे मासळीच्या नादात कुणी सोडू नये. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. परक्यानं त्या गाठीला हात लावायचा नाही. लावला तर बांधणाऱ्याच्या जिवावर येतं, असं गावात मानतात. कुंकू लावलंय हे जसं कुणी सांगत नाही, तसं दोर बांधलाय हेही सकाळपासून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"जगनदादा, दोर! आत्याचा दोर!"

जगनचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच बांधलाय," एवढंच तो म्हणाला, आणि मग दोन्ही हात हलवत ओरडायला लागला, "थांबा! थांबा रं!" पण हात तर सगळं गावच हलवत होतं. वरून बघणाऱ्याला काय दिसत असेल? आनंदानं नाचणारी गच्ची. तार ताठ व्हायला लागली होती.

परेशनं कॅमेरा खाली घेतला. चौकट गेली आणि सगळी भीती एकदम अंगावर आली. पण तोंडातून आवाज निघाला तो त्याचा हळदीच्या मांडवातला, ग्रुप फोटोचा आवाज.

"ए! हात खाली! सगळे खाली बसा! मागचेपण! सुनंदाकाकी, छत्री मिट, बस खाली!"

या गावातलं एकही लग्न परेशशिवाय झालं नव्हतं. त्या आवाजाला बसायची सवय होती. कळायच्या आत गच्ची खाली बसली. उभे राहिले ते दोघंच. परेशनं दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. "जगनदादा, असे धर! हलवू नको!"

समोर आत्या आणि तो माणूस चौथऱ्यावरून उचलले गेले आणि मधेच अडकले. दोर ताणला. आत्या कमरेत मोडल्यासारखी दुमडली. तिचा एक पाय हवेत झटका देऊन थांबला. हेलिकॉप्टर किंचित कलंडलं. परेशला वाटलं, आता तार तरी तुटेल, नाहीतर आत्या तरी. पुढच्या रांगेत कुणीतरी बाई मोठ्यानं "आई एकवीरे" म्हणाली आणि तिचाच आवाज तिला सहन होईना म्हणून तोंडावर पदर धरून बसली.

हेलिकॉप्टरच्या दारात बसलेल्या माणसानं गच्चीकडे तोंड वळवलं. मग तार ढिली पडली.

त्यानं ती फुली पाहिली, की तारेवरच्या माणसाला ताणलेला दोर आपसूकच कळला, हे परेशला आजही माहीत नाही. चौथऱ्यावर परत टेकल्यावर त्या माणसानं चाकू काढला. आत्यानं त्याच्या हाताला झोंबून बघितलं. त्यानं तिला एका हातानं धरून ठेवलं आणि दोर कापला.

संध्याकाळी पनवेलच्या दवाखान्यात आत्या पलंगावर बसली होती. कमरेला काळानिळा वळ उठला होता, बरगडीला मार होता, पण हाड शाबूत. जगन पायाशी उभा होता. आत्या त्याच्याकडे बघायची आणि डोळे पुसायची. स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी.

"तुझी गाठ परक्यानं कापली रं. आता तुझं कसं व्हायचं?"

"आये, मी धडधाकट हाय ना समोर!"

"आज हायस."

दिपिकानं समजूत घातली, एकवीरा आईची ओटी भरू म्हणाली. आत्या ऐकून घेत राहिली. मग परेशला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "वर नेताना फोटू काढलास?"

"नाही आत्या. हातच वर होते."

"बरं झालं. लुगडं पार गुडघ्यावर गेलं व्हतं."

बांध दिवाळीनंतर पुन्हा बांधून झाला. आत्या पाळी सोडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं सोडली नाही. तिनं एवढंच जाहीर केलं की जगनचा हात आता दोराला लागायचा नाही, त्याच्या जिवाला नको. मग कुणाचा? आत्यानं पनवेलला फोन लावला.

परेशनं नाही म्हणायचं ठरवलं होतं. वाटेत दिपिकाबरोबर दोनदा पाठ करूनही झालं होतं. उघाडीवर आत्या पाठ करून उभी राहिली आणि तिनं दोराचं टोक मागे केलं, तेव्हा त्यानं ते हातात घेतलं. गाठ घातली, सोडली, परत घातली, ओढून बघितली.

"अरे, किती आवळतोस? जेवून आलेय मी!"

आत्या पाण्यात उतरली. परेश चौथऱ्यावर बसून राहिला. ओहोटी लागली तसं दारातलं पाणी घोंघावायला लागलं आणि दोर ताठ झाला. खांबाला पक्का बांधलेला असूनही परेशनं तो दोन्ही मुठींत धरून ठेवला. वरून हेलिकॉप्टर समुद्राकडे गेलं. आत्यानं मान वर करून बघितलं. परेशनं बघितलं नाही.