टाकी लावल्या दिवशीचा पहिला नंबर

गावच्या व्यापारी मंडळाने स्मरणिकेसाठी बाजारपेठेचा इतिहास लिहून मागितला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. कोल्हापूरला एका दैनिकाच्या डेस्कवर माझी सगळी नोकरी झाली, म्हणून त्यांना मी आठवले. होकार कशासाठी दिला, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

आमचं गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. बाजारपेठ म्हणजे एक सरळ रस्ता. कासाराच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. सायकली भाड्याने देणाऱ्याच्या जागी केकवाला आहे. कल्हईवाला बसायचा त्या कट्ट्यावर एटीएम आलं. हे सगळं मी तारीखवार, प्रत्येक गोष्ट दोघांकडून पडताळून, नीट लिहिलं. गिरणी मात्र शेवटी ठेवली.

पिठाची गिरणी एकच होती. आम्ही बौद्ध. आमचा ज्वारीचा डबा रांगेच्या बाहेर, दाराशी ठेवायचा आणि बाकी सगळ्यांचं दळण झाल्यावर आत घ्यायचा, हा तिथला नियम. मी सकाळी जायची आणि दुपारी पीठ घेऊन यायची. मधल्या वेळात कोण आलं, कोण पुढे गेलं, ते बघत बसायची. बातमीदारीचं माझं पहिलं शिक्षण ते.

अधूनमधून एक दिवस उलटा यायचा. गिरणीवाला स्वतः निरोप पाठवायचा, “डबा घेऊन या, आज पहिला नंबर तुमचा.” मी नाचत जायची. त्या दिवशी आमच्या ज्वारीला हात लावायला कुणालाच विटाळ आड येत नसे.

त्या दिवशीची भाकरी दाताखाली कचकच करायची. आई म्हणायची, “चावू नको. गिळ.” तिची एक दाढ अशाच भाकरीने गेली.

कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं. गिरणीचे दगड झिजले की पाथरवट येऊन छिन्नीने त्यांना पुन्हा खाचा पाडतो. त्याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची सगळी कच पिठात उतरते. ते दळण गिरणीवाल्याने घरच्या कोंड्याचं काढायचं आणि फेकून द्यायचं. आमच्या गावात ते आमच्या ज्वारीवर काढत.

इतिहास लिहायचा तर एका तोंडावर विसंबता येत नाही. राजारामपुरीत माझ्याकडे राहणाऱ्या आईला विचारलं, “दर वेळी आपलाच डबा?”

“आपला, न्हायतर शेजारचीचा,” ती म्हणाली. “टाकी लागली की बोलावणं यायचं.”

मग टाकी लावणाऱ्या म्हाताऱ्या पाथरवटाला गाठलं. तो म्हणाला, “मी सांगायचो, कोंडा घाला. ते म्हणायचे, कोंडा म्हशीला लागतोय.”

उरली दुसरी बाजू. गिरणीवाला वारला आहे. त्याचा मुलगा त्या वेळी बापाबरोबर गिरणीत उभा असायचा. तोच आता मंडळाचा अध्यक्ष. गिरणीच्या जागी त्याचं एसी मार्ट आहे आणि जुने दोन दगड दारात झेंडूची माळ घालून मांडलेत. मी वही उघडली आणि सरळ विचारलं.

तो मोकळेपणाने हसला. “टाकी लावल्यावर कुणाचं तरी दळण घालायलाच लागतंय की, ताई. घरचं धान्य कोण वाया घालवंल? तुमच्या लोकांचं घालायचो. कुणी कधी तक्रार केली न्हाय.”

मी लिहून घेतलं. त्याला वाचून दाखवलं. “असंच छापू?”

“छापा की! जुनी पद्धत हाय, पोरांस्नी कळू दे.”

मी त्याला सावध केलं नाही. ते माझं काम नव्हतं. दगडांशेजारी उभ्या त्याच्या फोटोसकट पानाचं प्रूफही पाठवलं. त्यावर पेनाने एकच शेरा लिहून ते परत आलं: फोटो मोठा करा. मी फोटो अर्ध्या पानाचा केला. फोटोखाली ओळ लागते. तिथे त्याचं ते उत्तर घातलं, अवतरणचिन्हांत, जसंच्या तसं. वरच्या मजकुरात आईची दाढ आणि पाथरवटाचा कोंडा होता.

प्रकाशनाला हॉल भरला होता. पुढे व्यापारी, मागच्या रांगांत आमच्या वस्तीतली माणसं. अध्यक्षांनी स्मरणिकेची रिबीन सोडली आणि ते माइकवर म्हणाले, “पहिली प्रत आपल्या ताईंना!”

मी उठले नाही. बसल्या जागेवरूनच म्हणाले, “पहिला नंबर आम्हाला नको. आधी तुम्ही घ्या. तुमचा फोटो आहे ते पान वाचा.”

लोक हसले, तोही हसला. पान काढून त्याने माइकवरच आधी मजकूर वाचायला घेतला. दाढेपाशी त्याचा वेग कमी झाला. मग तो फोटोखालच्या ओळीला आला. “घरचं धान्य कोण...” इथे तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. माझी वही मिटलेली होती.

मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, “गिळतासा का, अध्यक्ष? मोठ्यानं वाचा की! आमास्नी ऐकू येत न्हाय!”

त्याला पुढचं वाचावं लागलं. शेवटच्या शब्दापर्यंत मी प्रूफ तपासावं तसं ऐकलं. एकही चूक नव्हती.