आईसाठी सुरमईची तुकडी

आता मी साचे बनवते. सुरमईच्या तुकडीचा, मोदकाचा, गाजराचा. ज्यांना घास चावता-गिळता येत नाही, त्यांच्या घरी ते जातात, वाटलेल्या जेवणाला आकार द्यायला. पण त्याआधी वीस वर्षं मी जेवणाचा मेकअप करत होते. फूड स्टायलिस्ट म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावून थकले तेव्हा हेच सांगायला लागले. अंधेरीच्या स्टुडिओत माझ्या पेटीत मसाल्यांपेक्षा चिमटे आणि ब्रशच जास्त असायचे. जाहिरातीत आइस्क्रीम म्हणून तुम्ही पाहिलंत, तो उकडलेला बटाटा. आमच्या भाज्यांत मीठसुद्धा नसायचं, कारण मीठ पडलं की पाणी सुटतं, चकाकी जाते आणि कॅमेरावाला बोंबलतो. चाखायचा तर प्रश्नच नव्हता.

आईला हे काम कधीच पटलं नाही. बाबा गिरणीत होते तेव्हा गावाहून येणारा प्रत्येक जण आमच्या खोलीत जेवून जायचा. गिरणी बंद पडली, आम्ही दिंडोशीला आलो, तरी आईचं पातेलं काही लहान झालं नाही. "अन्नाचो खेळ करतंस गो," ती मला म्हणायची. मी कसली ऐकून घेतेय! "त्या खेळावरच घर चाललंय ना?" असं ताडकन सुनवायचे.

एकदा मोदकांची जाहिरात होती. आईसारख्या कळ्या कोणाला जमणार? तिनेच मोदक करून दिले, म्हणून कौतुकाने तिला स्टुडिओतही नेलं. मोदक चमकावेत म्हणून मी त्यांना वार्निश लावलं होतं आणि तिला सांगायचं राहून गेलं होतं. मागे वळून बघते तर मोदक तिच्या तोंडाशी! "आई, खाऊ नको!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळे जागच्या जागी थांबले. तिच्याच हातचा मोदक मी तिच्या हातून हिसकावून घेतला. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "दिसता तसा नसता."

त्यानंतर ती बोरिवलीला माझ्या घरी आली की चहा-बिस्किटावर भागवायची. मी ताट पुढे केलं की तिला हमखास उपास असायचा. मला राग यायचा आणि खरं सांगते, वाईटही फार वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. हॉस्पिटलमधून मी तिला बोरिवलीला माझ्याकडे घेऊन आले. उजवा हात गेला होता, बोलणं जड झालं होतं आणि गिळताना घास श्वासनलिकेत जायची भीती होती. सगळं मिक्सरमधून काढून गुळगुळीत आणि घट्ट करून द्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. वरण-भात असो, मासे असोत, शेवटी समोर यायचा तो एकच राखाडी गोळा. आई त्याच्याकडे बघायची आणि तोंड घट्ट मिटून घ्यायची. महिनाभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. "सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने ते ऐकलं आणि डाव्या हाताने माझा पदर धरला. "माका नळी नको," म्हणाली.

रविवारी सकाळी मी माझी जुनी पेटी खाली काढली. मालवणी मसाल्यात सुरमई शिजवली, काटा न् काटा काढला, वाटली, गाळली, घट्ट केली. मग सुरीने ताटात तिची तुकडी घडवली. मधलं हाड भाताच्या पेस्टचं केलं आणि कडेला ब्रशने मसाल्याचा लाल हात फिरवला. शेजारी वाटलेल्या भाताची मूद आणि वाटीत घट्ट केलेली सोलकढी ठेवली. इतकं झकास ताट मी कुठल्याच जाहिरातीसाठी लावलं नव्हतं.

ताट समोर ठेवलं. कित्येक दिवसांनी आईची नजर जेवणावर थांबली. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"ह्यां खावचां हा, की नुसतां बघूचां?"

"खायचं आहे गं आई. शप्पथ!"

तिने डाव्या हाताने ताट माझ्याकडे ढकललं. "आदी तू खा."

सख्ख्या आईला माझ्या ताटाची भीती वाटते, ही माझी वीस वर्षांची कमाई! मी तुकडीचा कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि गिळला. कसा लागला, देवाला ठाऊक. माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं आणि तिचं माझ्या गळ्याकडे. घास खाली उतरलेला बघितला तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

पहिला चमचा गेला. ठसका लागला नाही. दुसरा भाताचा गेला. तिसऱ्याला मात्र तिच्या कपाळावर आठ्या आल्या आणि तिने हात वर केला. झालं, वाट लागली, मी मनात म्हटलं.

"मीठ खंय गो?"

मीठ मी घातलंच नव्हतं! इतक्या वर्षांची सवय, मिठाच्या डब्याकडे हातच गेला नव्हता. माझी ताटं सगळ्या मुंबईने होर्डिंगवर बघितली, पण त्यांत मीठ नाही असं आजवर मला कोणी म्हणालं नव्हतं. मी तिथेच बसून हसले की रडले, ते मलाही सांगता येणार नाही.

"थांब, आणते," म्हणून स्वयंपाकघराकडे धावले. मागून आईचा जड आवाज आला, "बेतान घाल गो. आणि भातात पण मीठ नाय हा."