तेरड्याचा रंग, आठव्या दिवशी

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. झुरळ दिसलं की मी पलंगावर आणि बायको चप्पल घेऊन खाली, अशी आमच्या घरात कामाची वाटणी आहे. भुताखेतांना मात्र कधी घाबरलो नाही. झुरळं असतात, भुतं नसतात... इतकं सोपं. वर्तमानपत्रातल्या अशा सदरांतले भुताचे अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो, मधेमधे आपली टिप्पणी घालून. आज मीच लिहायला बसलोय. तुम्हाला हसू आलं तर खुशाल हसा.

आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी ऋतुजा आमच्याकडे राहून बी.एस्सी. करते. बॉटनी, शेवटचं वर्ष. अक्का आणि दाजी नेसरीला, घरची शेती, दोन म्हशी.

गणपती होऊन थोडे दिवस झाले होते. ऋतुजाला कॉलेजच्या लॅबसाठी हर्बेरियम करायचं होतं. म्हणजे झाडं मुळासकट आणायची, वर्तमानपत्रात पसरायची, दोन फळ्यांमध्ये दाबून दोरीनं आवळायची आणि रोज कागद बदलायचे. बदलले नाहीत तर झाड काळं पडतं, बुरशी धरते. मला हे पाठ आहे, कारण घरातली सगळी रद्दी तिनं जप्त केली होती आणि रद्दीवाल्याला तोंड मी दिलं होतं.

रविवारी ती, तिची मैत्रीण सानिका आणि ओझी उचलायला मी, असे नेसरीला गेलो. दाजींनी बांधावर हिंडून एकेक झाड स्वतःच्या हातानं उपटून दिलं. माका, कुर्डू, आघाडा. तेरड्यापाशी आल्यावर थांबले.

"ह्यो कशाला गं? तेरड्याचा रंग तीन दिवस. शाळंत शिकीवलं न्हाई काय?"

"म्हणून तर घ्यायचाय अप्पा. सर म्हणालेत, तेरड्याचा रंग टिकवून दाखवेल ती खरी. खोड पाणीदार ना, लगेच सडतं."

"मग रोज उलटपालट कराय पायजे. मिरचीगत. वाळवणात मी चार वाजलं की मिरची हलीवतोच. एक दिस आळस केला की काळी पडली म्हणून समज."

"काका, हेच सांगायला सरांनी अख्खा तास घेतला," सानिका म्हणाली. दाजी असे खूश झाले, की आम्हाला चहाबरोबर शेंगदाण्याचे लाडू मिळाले.

फळ्या बांधायला मी पुढे झालो, तर दाजींनी हातातली दोरी काढून घेतली. "पावणं, ऱ्हाऊ द्या. मागच्या खेपंला तुमी म्हस बांधली हुती. दोरी जाग्यावर आन् म्हस परड्याभाईर. तुमची गाठ बघून तीबी हसली आसंल." मग त्यांनी जनावर बांधायची त्यांची गाठ मारली. कितीही ताणा, हलत नाही. पण लोंबतं टोक ओढलं की एका हिसक्यात सुटते. ती गाठ मला दाजींनी वीस वर्षांत किमान दहा वेळा शिकवली असेल. म्हैस शिकली असती.

निघताना ते ऋतुजाला म्हणाले, "उद्या जा की." ती म्हणाली, "उद्या प्रॅक्टिकल आहे अप्पा." 

सोमवारी तिनं गॅलरीत बसून कागद बदलले, ओले कचऱ्यात टाकले आणि दोरीला बुटाच्या लेससारखी आपली गाठ मारली. मंगळवारी लॅबमध्ये स्लाइड करता करता पाच वाजले, वर सानिकाचा वाढदिवस. घरी आली ती दमून, केसांत केक. सात वाजता दाजींचा फोन आला. स्पीकरवर होता, मी समोरच चहा पीत होतो.

"पेपर बदललास काय?"

"हो अप्पा. बदलला."

माझ्याकडे बघून तिनं जीभ चावली. मी हसलो. हे मुद्दाम लिहितोय. त्या खोट्यात मीही होतो.

ती तशीच जेवून झोपली. बुधवारी सकाळी अक्काचा फोन आला. दाजी डेअरीत दूध घालून आले, पायरीवर बसले... आणि गेले. पाणी मागितलं म्हणे. अक्का तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही तिघं दाराला कुलूप लावून निघालो. त्या फळ्या गॅलरीत राहिल्या. कुणाला सुचणार?

ऋतुजा रडली नाही. बायका आल्या, गळ्यात पडून गेल्या, ही कोरडी. रक्षाविसर्जन झाल्यावर गोठ्याच्या मागे एकटीच बसलेली दिसली. मी शेजारी जाऊन बसलो.

"मामा, शेवटचं बोलणं खोटं बोलले मी."

"अगं, एवढंसं खोटं..."

"एवढंसंच विचारत होते ना ते? एवढंसं पण खरं सांगितलं नाही."

मला नुसत्या गप्पा मारता येतात.  मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

सानिकाचा फोन आला होता, सर म्हणाले घाई करू नकोस, नंतर दे. पण शनिवारी रात्री ऋतुजाच म्हणाली, "मामा, ती झाडं आणाल? सडली असतील, असू देत. अप्पांनी हातानं काढून दिलेली आहेत."

रविवारी पहिल्या एसटीनं मी एकटा कोल्हापूरला आलो. जिन्यात शेजारच्या देसाईकाकू तुळशीला पाणी घालत होत्या. दाजी गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी कुलूप काढायला लागलो तर म्हणाल्या, "आता कुलूप लावून कुठं गेलतासा? पोरगी हाय न्हवं घरात?"

"नाही काकू. बुधवारपासून घर बंद आहे."

"असं कसं? रोज चारच्या सुमाराला गॅलरीत पेपरांचा आवाज येतोय की. मला वाटलं, अभ्यास करतीया."

किल्ली आमच्याशिवाय कुणाकडे नाही. मी म्हटलं, वारा असेल. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दाजी बघायचे.

गॅलरीत गेलो. घाण वास येणार म्हणून नाकाला रुमाल लावला होता. वास आला तो वाळलेल्या गवताचा. फळ्यांशेजारी जुन्या पेपरांचे गठ्ठे होते, नीट घडी घातलेले. पाणी पिऊन सुकल्यासारखे सुरकुतलेले, पानांचे हिरवट डाग पडलेले. मी मोजले, पाच. आणि फळ्यांच्या दोरीला लेसची गाठ नव्हती. म्हशीची होती. टोक लोंबत होतं.

मी खाली बसून ती गाठ बोटानं चाचपली.  टोक ओढायचं धाडस झालं नाही. तशाच फळ्या उचलल्या आणि एसटीत नेसरीपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं विचारलं, "पावणं, काय हाय त्यात?" मी म्हटलं, झाडं. 

संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात ऋतुजापुढे फळ्या ठेवल्या. तिनं गाठ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मला ही गाठ येत नाही, हे त्या घरात म्हशीपासून सगळ्यांना माहीत होतं. तिलाही ती कधी जमली नव्हती. टोक तिनं हातात धरलं. मग ओढलं. एका हिसक्यात सुटलं.

माका, कुर्डू, आघाडा, सगळं कोरडं, हिरवं. शेवटच्या कागदात तेरडा होता. गुलाबी. आठव्या दिवशी, बांधावर होता तसा.

मी जिन्यातलं बोलणं सांगितलं, गठ्ठ्यांचंही सांगितलं. ऋतुजानं बोटांवर दिवस मोजले. बुध, गुरु, शुक्र, शनि.

"चार झाले, मामा. तुम्ही किती म्हणालात?"

"पाच."

तिनं पाचवं बोट दुमडलं. अगदी हळू म्हणाली, "पाचवा मंगळवारचा. माझा राहिलेला." आणि मग रडली. अक्का धावत आली, काय झालं, काय झालं... मी गुलाबी तेरड्याकडे बोट दाखवलं.

आता प्रामाणिकपणे बाकीच्या शक्यता. माझ्या बायकोला अजून वाटतं, हे मीच केलं, पोरीच्या समाधानासाठी. पण मी तर बुधवारपासून शनिवारपर्यंत तिच्याच डोळ्यांसमोर नेसरीत होतो. ती म्हणते, मग रविवारी गेल्यावर केलं असेल. अहो, एका सकाळीत झाडं वाळत नाहीत. ऋतुजाच्या सरांना मी सहज विचारलं, कागद न बदलता तेरडा टिकेल का? ते म्हणाले, शक्यच नाही. शीट बघून त्यांनी शेरा दिला, 'वाळवण उत्तम'. ऋतुजानं तो शेरा अक्काला वाचून दाखवला.

मी स्वतःशी बरंच डोकं चालवलं.  हल्ली तेही कमी केलंय. ऋतुजा मात्र आता एक करते. संध्याकाळी सात वाजले की अक्काला फोन लावते आणि दिवसभरात जे काही झालं ते खरं खरं सांगते, चुकलेलंसुद्धा.

आणि मी गॅलरीच्या गजाला एक दोरी बांधून ठेवली आहे. रविवारी चहा झाला की ती गाठ मारून बघतो. टोक ओढलं की सुटायच्या ऐवजी आवळतेच. बायको म्हणते, सोडा आता. मी म्हणतो, थांब, दाजींनी दहा वेळा दाखवलंय.